भुशातला मंगळ

कार्तिकातल्या सकाळी सालेकशाच्या हवेत नव्या धानाच्या भुशाचा कोरडा, गोडसर गंध भरून राहतो. राईस मिलकडून उडत आलेले सोनेरी कण कोवळ्या उन्हात तरंगत अंगणातल्या तुळशीवर उतरतात, आणि त्या गंधासरशी मला हटकून मंगळ आठवतो. हसू नका, खरंच मंगळ आठवतो.

माझी थोरली बहीण जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आली. काचबिंदूने तिची दृष्टी गेली, तेव्हा मी तिला माझ्या घरी आणलं. ताई आली, पण तिचं बोलणं काही सोबत आलं नाही. आकाशाचा विषय तर तिने वर्ज्यच केला. ओसरीवर बसायची आणि ऊन सरकेल तशी सरकत राहायची. शुक्रावरची आग जिच्या तोंडून ऐकताना अख्ख्या वर्गाला घाम फुटायचा, ती अशी मुकी होत चाललेली मला बघवेना.

शेवटी एके सकाळी मी गावच्या बोडीतली, म्हणजे लहानशा तळ्यातली, काळी माती आणली. बेलफळाएवढी पृथ्वी वळली, तिच्याहून किंचित लहान शुक्र, लिंबाएवढा मंगळ, आवळ्याएवढा बुध. वाळेपर्यंत धीर कुणाला? ओलेच गोळे तिच्या पुढ्यात ठेवले.

"कायले आणलं हे?" ती त्रासून म्हणाली. पण बोटं मात्र फिरू लागली. पृथ्वी ओळखली, शुक्र ओळखला, बुधाला तर दोन बोटांत धरून गोंजारलं. मंगळाशी येऊन थांबली, त्यात अंगठा रुतवला आणि कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली.

"कायचा मंगळ व हा! हा तं पृथ्वीचाच तुकडा होय. जाय, भुसा आण."

मला राग यायला हवा होता. मी धावतच गेले. ताई माती आणि भुसा एकत्र मळू लागली, आणि मळता मळता बोलू लागली. मंगळ नुसता लहान नाही, विरळही आहे. त्याच्या मुठीएवढ्या भागात पृथ्वीच्या मुठीएवढं वजन भरत नाही. बुध एवढासा, पण पोटात लोखंड गच्च भरलेलं, म्हणून घनतेत तो पृथ्वीच्या जवळपास पोचतो. आणि पृथ्वी? तिच्याही पोटात लोखंड आहेच, पण ती स्वतःच्याच भाराने आत आत दाबली जाते, म्हणून ती सगळ्यांत घट्ट. त्या मातीने माखलेल्या हातांकडे मी बघत राहिले. इतके दिवस ही बाई रिकामी झाली असं मी समजत होते; तिच्या आत केवढं काय दाबून बसलं होतं!

ऊन तोवर उंबऱ्याशी आलं होतं. तिने लिंबाएवढे दोन गोळे वळले, एक नुसत्या मातीचा, एक भुशाचा, आणि माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवले.

"पाहून नको राहू. डोळे मीट अगोदर."

मी डोळे मिटले. भुशाचा गंध तेवढा उरला, आणि उजव्या हातातली पृथ्वी हळूहळू जड होऊ लागली.

"समजलं?" ताईने विचारलं, अगदी वर्गातल्या आवाजात. मला समजलं होतं, तरी मी म्हटलं, "नाही ताई, पुन्हा सांग."