मामंजींचा डावा तळहात

मामंजींना लकव्याचा झटका आला तेव्हा मी या घरात सून म्हणून नवीनच होते. डावं अंग हळूहळू परत आलं, पाय ओढत का होईना ते चालायला लागले, पण डाव्या हाताचं कापरं काही जाईना. दुसऱ्या कुणाचा हात थरथरला असता तर एवढं काय बिघडत होतं? पण आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या पेटीतलं लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरून पूजा करायची आणि मगच अन्नाला शिवायचं. लिंग हातातून खाली पडलं तर जगून काय करायचं, असं मानणारी ती माणसं.

सासूबाई नव्हत्या. आमचे हे पहाटेच गाडी जुंपून बाजाराच्या गावाला जायचे. मग रोज पूजेला मामंजींच्या तळहाताखाली माझा तळहात. सासऱ्याच्या हाताला सुनेनं हात लावायचा तो काळ होता का? पूजा होईस्तोवर ते माझ्याकडं बघायचे नाहीत, आणि नंतरही नाहीत. भाकरी वाढली की भिंतीकडं तोंड करून कसेबसे घास गिळायचे. मला त्या हाताचा लई राग यायचा.

जळकोटला आमचं भुसाराचं दुकान हैदराबादच्या सडकेला लागून होतं. मोगलाई होती, निजामाचं राज्य. त्या हिवाळ्यात सोलापूरकडून सायकलवर रेशमी कापडाचं गाठोडं बांधून एक चिनी माणूस आला. त्याच्या मुलखात लढाई पेटलेली, घरी जायची वाट बंद. दिवसा गावोगाव कापड विकायचा आणि मुक्कामाला आमची ओसरी मागून घेतली होती. मोडकीतोडकी हिंदुस्थानी बोलायचा.

पहिल्याच सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले आणि बादली हातात तशीच राहिली. तो अंगणात उभा होता आणि हलत होता, पण इतका सावकाश की हलतोय हे कळायलाही बघत राहावं लागे. गुडघे जरा वाकलेले. डोक्यावर भरली घागर असल्यासारखा एकेक पाय उचलायचा आणि टेकायचा. मग एक तळहात उघडा करून डोळ्यांसमोर आणला आणि तिथंच थांबला. सडकेवरून मोटार धुरळा उडवत गेली, ह्याची पापणी हलली नाही. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, इतकं शांत माणूस मी आजवर दुसरं पाहिलं नाही.

मागं बाजेवर मामंजी उठून बसले होते.

"सडा राहू दे," ते हळूच म्हणाले. "पूजा चाललीय त्याची. हातात लिंग हाय."

"कुठं हाय, मामंजी? रिकामाच हात की."

"तुला दिसत न्हाय. त्याला दिसतंय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी ओसरीवर पाण्याचा तांब्या आणि विभूतीची वाटी ठेवायचा हुकूम सुटला. बिचाऱ्यानं विभूती बोटावर घेऊन चाखून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

आता गंमत बघा. वैद्यानं हातपाय हलवत जा म्हणून सांगितलं, तेव्हा "व्यापाऱ्यानं तालमीत जायचं व्हय?" म्हणून याच मामंजींनी त्याला उडवून लावलं होतं. पण ही पूजा होती ना. एका सकाळी ओसरीच्या खांबाला धरून ते चिन्याच्या मागं उभे राहिले आणि तो करील तसं करू लागले. पडले तर काय, म्हणून माझा जीव खालीवर. त्यानं वळून पाहिलं आणि स्वतः आणखी सावकाश हलू लागला.

रोज सकाळी ते दोघं अंगणात, आणि मी दारात. थंडी ओसरेपर्यंत मामंजींच्या हातून खांब सुटला होता. ओढता पाय उचलायला लागला. रात्रीचं कण्हणं थांबलं, झोप लागू लागली, दुकानाची पायरी ते कुणाला हाक न मारता चढू लागले. कुठला काढा नाही की लेप नाही. कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं, पण डोळ्यांदेखत बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी त्या माणसानं स्वतःचे कान धरून सांगितलं, "शेटजी, ये पूजा नई. बदन के वास्ते. मेरा बाप सिखाया."

मामंजी जराही हलले नाहीत. "पूजाच हाय ती," म्हणाले. "तुझ्या बापानं तुला सांगितलं न्हाय, एवढंच."

तो सायकल घेऊन सडकेला लागला, त्याच सकाळी मामंजी पूजेला बसले. मी सवयीनं हात खाली धरला.

"हात काढ," ते म्हणाले.

मला काढवेना. पडलं तर?

"काढ, बाई."

मी हात काढला, पण खाली पदर पसरून बसले आणि श्वास कोंडून बघत राहिले. तळहातावर काळं लिंग, त्यावर बेलाचं पान. पान हललं नाही. पूजा झाली, लिंग पेटीत गेलं, तरी माझा पदर पसरलेलाच.

मामंजी चुलीपाशी येऊन बसले. लकव्यानंतर पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"वाढ आता," म्हणाले. "भूक लागलीय."