माझ्या सुरीनं कापलेली संत्री

कचऱ्याच्या काळ्या पिशवीत माझी संत्री पडली. डबा उलटा करून, तळाला दोन थापा मारून. एक फोड आत राहू दिली नाही.

कॅनडात, मिसिसागातलं मैदान. पोरींची फुटबॉलची मॅच. इथं रीत अशी, की दर रविवारी एका घरानं हाफटाइमला सगळ्या पोरींसाठी संत्री कापून आणायची. त्या रविवारी पाळी आमची. माझी नात सेलीन तेव्हा नऊ वर्षांची. मुलगा कामावर, सून कामावर. मी सकाळी संत्री कापली, डब्यात भरली आणि पोरीला घेऊन बसनं मैदानावर गेलो.

टीमचा मॅनेजर आपलाच. पुण्याचा इंजिनियर. मराठी मंडळाचा अध्यक्षही तोच. त्याची मुलगी याच टीममध्ये, शिवाय आणखी काही मराठी पोरी. डबा ओतणारी त्याची बायको. ओतून झाल्यावर हसली.

"काका, डोन्ट माइंड हं. तुमच्याकडे एकाच सुरीनं सगळं कापतात ना?"

सगळं म्हणजे काय, ते मला कळलं. मागं उभ्या बायांनाही कळलं. आम्ही वसईचे ख्रिस्ती. मग तिनं गाडीतून स्वतःचा डबा काढला. गच्च भरलेला. म्हणजे घरून निघतानाच ठरलं होतं. माझी फळं तिनं बघायच्या आधीच बाटली होती.

समुद्रात होडी घालणारा माणूस मी, वादळाला शिव्या दिलेल्या. आणि त्या बाईसमोर तोंडातून शब्द फुटेना. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही. ती मराठीतच बोलली होती.

सेलीन आली. तिनं पिशवीत हात घातला, एक फोड काढली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. पोरी ओरडल्या, "ईऽऽ, ग्रोस!" हिनं साल दातानं खरवडून साफ केली, पिशवीत टाकली आणि मैदानात पळाली. दुसऱ्या हाफमध्ये कुणालाच ऐकेना.

मी चौथी शिकलेला. मुलानं इकडं आणलं तेव्हा विमानतळाजवळच्या एका गोदामात झाडू मारायला लागलो. त्याची मला लाज नाही. मुलानं इथंच लग्न केलं. सून पोर्तुगालात जन्मलेली. मंडळात कुजबुज, "धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत." मंडळाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आम्हाला कधी आलं नाही. वर्गणीचं यायचं.

पोरगी वाढली. फुटबॉलच्या जोरावर अमेरिकेत कॉलेजात गेली. मग जर्मनीच्या एका क्लबनं पगारावर घेतली. बॉलला लाथा मारायचा बायांना पगार मिळतो, हे गोदामात कुणाला पटेना. मी फोनवर फोटो दाखवायचो.

मग देशाचा प्रश्न आला. जन्म इथला, म्हणून ती कॅनडाकडून खेळू शकते. आईचा जन्म पोर्तुगालातला, म्हणून तिकडूनही. भारत त्यात नाही, तिकडून खेळायचं तर इथला पासपोर्ट सोडावा लागतो. आणि कायदा असा, की मोठ्यांच्या संघातून एकदा खरी मॅच खेळली की दुसरं दार बंद. कॅनडावाले तिला कॅम्पला बोलवायचे, जॅकेट द्यायचे आणि बाकावर बसवायचे. खेळवत नव्हते, सोडतही नव्हते. पोर्तुगालवाल्यांनी फोन केला, ये आणि खेळ.

ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा. व्हिच वन?"

मी म्हणालो, "पाय तुझे. मला काय विचारतेस?"

पण मनात सल होता. पोर्तुगीजांनीच आमच्या वाडवडलांना नवी नावं दिली. त्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तिथंही आमच्यासाठी कुणी पायघड्या घालून बसलेलं नाही, हे मला ठाऊक होतं.

एवढ्यात पेपरात तिचा फोटो आला. कॅनडाचं जॅकेट घातलेला. लगेच अध्यक्षाचा फोन.

"काका, आपल्या मराठी मुलीचा सत्कार करायचाय. हॉल बुक केलाय. आणि कॅनडाकडून खेळणार हे तिनं आपल्याच स्टेजवरून अनाउन्स करायचं, काय?"

आपल्या. हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. येतो म्हणालो.

सकाळी संत्री कापली. तीच सुरी, लाकडी मुठीची, वसईहून आणलेली. डबाही तोच.

हॉल भरला होता. मागं मेपलच्या पानाचा मोठा बॅनर. तबकात शाल, नारळ, पेढे. मला पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्षानं शाल उचलली तसा मी उठलो, स्टेजवर गेलो आणि डबा उघडून त्याच्या बायकोसमोर धरला.

"आधी ही खा. त्याच सुरीनं कापलीत."

"अय्या, कुठल्या सुरीनं?"

तिला आठवतच नव्हतं. तिनं फोड उचलली, खाल्ली. "कित्ती गोड, काका!" अध्यक्षानंही खाल्ली. फोटोवाला म्हणाला, "काका, डबा जरा वर धरा." मी धरला. फोटो निघाला.

इतकी वर्षं मला वाटायचं, यांचा धर्म आडवा येतो. तोही नव्हता. धर्म असता तर आजही ओकली असती. सुरी तीच, मांस तेच, माणूस तोच. फक्त पोरगी पेपरात आली होती. त्या दिवशी संत्री नाही, आम्ही फेकलो गेलो होतो.

सेलीननं माइक घेतला. "आय ॲम गोइंग टु प्ले फॉर पोर्तुगाल," म्हणाली. मग माझ्याकडं बघून मराठीत, मोडकं पण मोठ्यानं, "कॅनडानं बसवून ठेवलं. मला खेळायचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "ट्रेटर." अध्यक्षाच्या हातातली शाल तिच्या खांद्याजवळ होती. शाल मागं गेली. चार घड्या घालून पुन्हा तबकात. माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"काका, आधी सांगायचं ना! आणि पोर्तुगीजांकडून? वसईचे ना तुम्ही? काय काय केलं त्यांनी आपल्यावर, विसरलात?"

या वेळी तोंड फुटलं. माइक चालूच होता.

"माझी संत्री कचऱ्यात ओतली ते पोर्तुगीज नव्हते."

त्याच्या बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा आठवलं तिला. तोंड पुसायला लागली.

मी डब्याचं झाकण लावलं. सेलीननं माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही. दोघं आपापल्या पायांनी खाली उतरलो, त्या रांगांमधून बाहेर पडलो. पेढ्यांना हात लावला नाही.

तिची पहिली मॅच पोर्तुगाल हरला. चांगलाच मार खाल्ला. मंडळातून एकाचाही फोन नाही. पोर्तुगालच्या लोकांनी तिला कॉम्प्युटरवर शिव्या घातल्या, परत जा म्हणाले. मला नवल वाटलं नाही. ती दुसऱ्या दिवशी सरावाला गेली.

म्हणून आता सांगून ठेवतो. ज्याला ती आपली म्हणायची असेल, त्यानं ती हरेल त्या दिवशी यावं. मी राहतो त्या बेसमेंटमध्ये बसावं. माझ्या सुरीनं कापलेलं खावं, कॅमेरा नसताना. तोवर शाल नको, नारळ नको. आणि मला काका म्हणायचं नाही.