पिवळ्या कागदावरचं बटण

आमच्या वहिनीला विरोधकांनी पाडलं असतं तर मला एवढी शिसारी आली नसती. तिला पाडलं तिच्याच पक्षाच्या, तिच्याच पॅनेलमधल्या माणसाने. आणि प्रचाराचे सगळे दिवस तो मोरवा गावात आमच्याच घरी जेवत होता.

आमच्या प्रभागातून महापालिकेत चार जण जातात. मतदाराने चार बटणं दाबायची, चार जागांना चार रंगांचे कागद. वहिनी विद्यमान नगरसेविका, पिवळ्या कागदावर पुन्हा उभी होती. हा गृहस्थ स्वतः दुसऱ्या कागदावर उभा होता, पण पिवळी जागा त्याला बायकोसाठी हवी होती. पक्षाने दिली नाही. दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी हार घेऊन दारात हजर! "ताई, मागचं सगळं विसरा. आपण एक आहोत."

वहिनीने विसरलंही. उत्तनचे ओले बोंबील तळून वाढले. त्याने चार वेळा मागून खाल्ले.

पुढचं माझ्या हातून झालं. आईला वाचता येत नाही. मी गल्लीत चिठ्ठ्या वाटायला निघालो होतो, तेव्हा त्यालाच म्हणालो, "भाऊ, आईला जरा बटणं शिकवून ठेवा." त्याने लगेच पुठ्ठ्याचं डमी मशीन मांडीवर घेतलं. संध्याकाळी परतलो तर आई ओट्यावर बसून टीं-टीं वाजवत होती आणि शेजारच्या म्हाताऱ्या भोवती जमल्या होत्या. मला कौतुक वाटलं. थांबून नीट बघायला हवं होतं, पण मी हातपाय धुवायला गेलो.

मतदानाच्या दिवशी दुपारी आई बोटाला शाई लावून आली. डमी समोर ओढून म्हणाली, "बघ, कशी दाबली ती."

पांढरा, गुलाबी, निळा, तिन्ही बरोबर. पिवळ्यावर तिचं बोट आमच्या निशाणीवरून खाली घसरलं आणि खालून दुसऱ्या कोऱ्या बटणावर थांबलं. खऱ्या मशीनवर तिथे समोरच्या पक्षाची बाई होती.

"हे कुणी सांगितलं?"

"त्यानीच. सूनबाईची निशानी बदलली हाय म्हनला. कुनाला बोलू नको, इरोधक गोंधळ घालतील. मी आख्ख्या आळीला शिकवला!"

तिचा चेहरा नुसता खुलला होता. मी बूथवर धावलो, पण आळीतली मतं केव्हाच पडून गेली होती. वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं. तिने हातातली मतदार यादी मिटली. मग एवढंच म्हणाली, "आईंना कळता कामा नये."

पॅनेलमधले बाकीचे तिघे निवडून आले, वहिनी पडली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ गुलाल पुसून सांत्वनाला आला. चेहरा असा पाडलेला की जणू घरात कुणी गेलंय. "ताई, कुणीतरी दगा दिला." असल्यांना जनाची नाही तर निदान मनाची तरी असावी, पण तेवढं ओझं ही माणसं घरी ठेवूनच बाहेर पडतात. मी उठलो. वहिनीने माझं मनगट धरून खाली बसवलं, कारण आई पाणी घेऊन बाहेर येत होती.

आईने त्याच्या हातात तांब्या दिला आणि विचारलं, "भाऊ, तुमी शिकवला तसाच मी दाबला. आळीनं पन दाबला. मंग माजी सून पडली कशी?"

त्याने तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी खाली घेईना.

उत्तर वहिनीनेच दिलं. "माझंच काम कमी पडलं, आई."