पुतणीच्या मापाची गिटार

सीपरी बाज़ारातल्या त्या दुकानात शिरले आणि पहिलंच वाक्य खोटं बोलले. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए चाहिए, आंटी जी?" आणि मी म्हणाले, "भतीजी के लिए." पुतणी आहे मला, धाकट्या दिरांची मुलगी, कॉलेजात जाते. गिटारचं वेड सोडाच, तिला एक गाणं शेवटपर्यंत ऐकायचाही धीर नाही. पण एका हातात ऑफिसची पर्स आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन आलेल्या बावन्न वर्षांच्या बाईला स्वतःसाठी इलेक्ट्रिक गिटार हवी आहे, हे सांगायला जीभच रेटेना.

तशी मी शाळेत गिटार शिकले होते. आमच्या झाशीत तेव्हा मुलींना गिटार शिकवायचे ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची. खाली मान घालून, पदर सावरून वाजवता येईल अशी. उभी, छातीशी धरून वाजवायची गिटार मुलांची. कुणी तसा नियम सांगितला नव्हता, पण माहीत सगळ्यांना होता. लग्नात ती आडवी गिटार माहेरीच राहिली, आणि मला तिची फारशी आठवणही आली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या कंपनीच्या कॉलनीत एका कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे एका मुलाने इलेक्ट्रिक गिटारवर एक साधीच धून वाजवली. घासूनपुसून लख्ख केलेल्या ताम्हनात पळी वाजावी तसा तो आवाज होता, स्वच्छ आणि किंचित बोचरा. घरी आल्यावर मी मोबाइलवर शोधत बसले आणि मला कळलं की तो आवाज सिंगल कॉइल पिकअपचा. म्हणजे तारांखाली एक चुंबकी पट्टी असते, तिच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची एकच गुंडाळी. दोन गुंडाळ्यांचे पिकअप शांत असतात, त्यांचा आवाज जाड, साजूक. एका गुंडाळीचे मात्र आसपासच्या ट्यूबलाइटची, इन्व्हर्टरची भुणभुणही पकडतात. मला तोच आवाज हवा होता, भुणभुणीसकट. एवढी ठाम मी लग्नाच्या वेळीही नव्हते.

पिकअप ठरले, प्रश्न राहिला गिटारच्या आकाराचा. दुकानदार मोठा बोलका. त्याने सिंगल कॉइलवाल्या तीन गिटारी काढून काउंटरवर ठेवल्या. एक आतून पोकळ, अंगावर वळणदार खाचा असलेली. तिला बघताच मला हायसं वाटलं, कारण ती निदान वाद्यासारखी दिसत होती, शेजारणीने पाहिली तरी चालली असती. पण स्पीकरजवळ नेली की ती आपोआप हुंकारायला लागे आणि तो हुंकार वाढत वाढत किंचाळीपर्यंत जाई. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती चालणार नव्हती.

दुसरी म्हणजे सपाट फळी, एकाच बाजूला शिंग. "सिंगल कॉइल का असली मज़ा तो इसी में है जी," तो म्हणाला, आणि खरंच, तिचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ताम्हन-पळी ती हीच. पण फळीची कड चौकोनी.

"भतीजी की हाइट कितनी है?"

"मेरे ही जितनी," मी म्हणाले. हे मला वेळेवर सुचलं याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

"तो आप ही पकड़ के देख लीजिए."

पकडली. फळीची कड बरोबर छातीखाली रुतली. गिटार बनवणाऱ्यांनी बाईचं अंग कधी पाहिलंच नव्हतं की काय कोण जाणे. मी ती खाली घेतली, वर घेतली, तिरकी धरली, कशीही धरली तरी टोचतच होती.

"उसको चुभेगी," मी म्हणाले.

"कहाँ चुभेगी?" त्याने अगदी निर्मळ मनाने विचारलं.

माझे कान तापले. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवीतल्या मेथीकडे पाहत म्हणाले, "ऐसे ही. कहीं भी."

तो बिचारा विचारात पडला आणि त्याने तिसरी पुढे केली. दोन शिंगांची. हिची मागची बाजू पोटाशी येते तिथे खोलगट तासलेली, पुढची कड हात टेकतो तिथे उतरती. तीन सिंगल कॉइल. आवाज फळीइतका बोचरा नाही, जरा गोल, पण जातकुळी तीच. आणि अंगाला अशी लागली की जणू माप देऊन शिवली होती. "ये कट पेट वालों के लिए होता है," तो म्हणाला. "भतीजी थोड़ी हेल्दी है क्या?"

"हाँ," मी म्हणाले. शेवग्याच्या शेंगेसारखी आमची पोर. तिला मी भर बाजारात जाड केली.

फळीचा आवाज मला जास्त आवडला होता. आजही आवडतो. पण कड कुठे टोचते हे सांगितलं असतं तर त्याने कदाचित पट्टा बदलून, उंची बदलून काही मार्ग काढला असता. मी विचारलंच नाही, आणि दोन शिंगांची घेऊन बाहेर पडले. समोर मराठी मंडळातल्या एक बाई उभ्या. एवढं मोठं खोकं कुणासाठी, असं त्यांनी विचारायच्या आत मीच म्हणाले, "पुतणीसाठी हो." तोवर जिभेला सवय झाली होती.

हे दुपारच्या पाळीला गेले की संध्याकाळ माझी. मुलगा नोकरीसाठी पुण्याला, घरात दुसरं कुणी नाही. दार लावून, छोटा स्पीकर बारीक करून मी वाजवायला बसत असे. पहिल्याच दिवशी भुणभुण ऐकून वाटलं, बिघडकं गळ्यात मारलं की काय. मग लक्षात आलं, ट्यूबलाइटकडे तोंड केलं की ती वाढते आणि स्वयंपाकघराकडे वळलं की जवळजवळ थांबते. खुर्ची मग कायमची तिकडे वळवली. उजव्या हातातल्या बांगड्या गिटारवर घासत, त्यांचे बारीक ओरखडे उठले. बांगड्या काढून ठेवाव्यात हे सुचायचं, पण हे अवचित आले आणि हात रिकामा दिसला तर काय सांगायचं? नवऱ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं कुणीही विचारेल. ते ओरडले नसते. हसले असते, प्रेमाने हसले असते, आणि मंडळात चारचौघांत कौतुकाने सांगितलं असतं. मला तेच नको होतं.

वाजवून झालं की गिटार चादरीत गुंडाळून, तिच्या पिशवीत घालून, गौरींच्या ट्रंकेत ठेवायची. आमच्याकडे उभ्याच्या गौरी. त्यांचे मुखवटे, कोठ्या, साड्या, सगळं आमच्या पलंगाखालच्या एका पत्र्याच्या मोठ्या ट्रंकेत असतं आणि ती ट्रंक वर्षातून एकदा, भाद्रपदात उघडते. गौरी एक वर्ष आमच्याकडे आणि एक वर्ष प्रेम नगरला धाकट्या दिरांकडे. या वर्षी पाळी आमची होती. ट्रंक मीच उघडणार, म्हणून मी निर्धास्त होते.

गौरींच्या दोन दिवस आधी ऑफिसातून आले तर पलंगाखाली मोकळी जागा. ह्यांनी रजा काढली होती, चहा करत होते. "घराची पुताई, रंगरंगोटी काही गौरीपर्यंत उरकत नाही," ते म्हणाले. "मी भावाला म्हटलं, यंदा तुमच्याकडेच बसवा. आला टेम्पो घेऊन, गेला ट्रंक घेऊन. तुझा त्रास वाचला."

मी पलंगावर बसून राहिले. जाऊबाईंना फोन करायला हवा होता. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य मला जुळवता येईना, आणि आवाहनाच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून मी गेलेही नाही.

पूजनाच्या संध्याकाळी जावंच लागलं. दारातूनच दिसली. दोन्ही गौरींच्या मधोमध, फराळाच्या ताटांमागे, माझी गिटार उभी करून ठेवलेली. तिला हळदकुंकू लावलेलं. जाऊबाई धावत आल्या आणि सगळ्या बायकांसमोर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, मला मंडळातून कधीच कळलं होतं, पण मी बोलले नाही. म्हटलं, तुम्हाला द्यायची तेव्हा द्याल. आणि दिलीत ती गौरीच्या हातून." त्यांचे डोळे भरून आले होते. आमच्यात तसं फार सख्य नाही. वीस वर्षांत मी त्या मुलीला पाकिटाशिवाय काही दिलं नव्हतं. जाऊबाईंना ते इतकं मोठं वाटलं होतं.

मी हसले. दुसरं काय करणार?

पुतणीने गिटार उचलून गळ्यात अडकवली. पट्टा माझ्या मापाचा, गिटार तिच्या गुडघ्याशी आली. तिने पुढून मागून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, ये बजाई हुई है क्या? स्क्रैच हैं."

"सेकंड हँड आहे गं," मी म्हणाले. नव्या कोऱ्या गिटारला मी सेकंड हँड म्हटलं. तिने माझ्या बांगड्यांकडे पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी हात पदराखाली घेतला.

दिरांना हौस फार. आरतीसाठी मोठा स्पीकर आणलेला होता, त्याला गिटारची वायर लावायची जागा निघाली. पिशवीच्या कप्प्यातली वायर त्यांनी काढली, जोडली, आणि खोलीभर भुणभुण सुरू झाली. गौरींवर चारी बाजूंनी झगमगत्या माळा सोडलेल्या, आणि पोरगी त्यांच्याकडे तोंड करून उभी. तिने तार छेडली तर भुणभुणीतून काही ऐकूच येईना. बायकांनी कानांवर हात ठेवले. कुणीतरी म्हणालं, "घुमतीये कशी बघा."

"वहिनी, ये तो ख़राब निकली," दीर म्हणाले. "सीपरीवाल्याने तुम्हाला फसवलं. काही काळजी करू नका, उद्या मी स्वतः जाऊन परत करतो."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. माझी भेट चारचौघींत खराब निघाली म्हणून त्यांना माझ्यासाठी वाईट वाटत होतं. "असू दे हो," त्या बायकांना म्हणाल्या, "ताईंना काय कळणार त्यातलं."

एवढा वेळ मी सगळं गिळलं होतं. ती पुतणीची झाली तर झाली, असंही मनाशी ठरवलं होतं. पण परत करणार म्हटल्यावर मला बसवेना.

"खराब नाहीये ती," मी म्हणाले आणि उठले.

पुतणीच्या गळ्यातला पट्टा काढून मी माझ्या गळ्यात घातला. गिटार जागच्या जागी बसली. मी माळांकडे पाठ करत हळूहळू वळत गेले, आणि एका ठिकाणी भुणभुण विरली. त्या जागी माझं तोंड नेमकं बायकांच्या रांगेकडे आलं. इकडेतिकडे वळायची सोय नव्हती, वळलं की ती पुन्हा सुरू. म्हणून तशीच उभी राहिले, सगळ्यांच्या नजरेत, आणि बसवलेली एकुलती एक धून वाजवली. एकदा चुकले. चुकलेली जागा पुन्हा घेतली. बांगड्या गिटारवर घासत होत्या आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

संपल्यावर एकीने "वा" म्हटलं आणि दुसरीने प्रसादाचं विचारलं. हे दाराशी उभे होते, चपला हातात घेऊन. ते हसले नाहीत, हे मला आठवतं.

जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. पुरणपोळ्यांचा डबा भरत होत्या, माझ्यासाठीच. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमचीच आहे ना ती, ताई?"

"हो."

"मग आल्या आल्या सांगायचं होतंत. मी सगळ्यांना सांगत बसले." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, एकदा बसेना म्हणून पुन्हा लावलं. "मला तसं कशाला वाटू दिलंत?"

मला लाज वाटत होती, हे उत्तर होतं. पण माझ्या लाजेपायी मी त्यांना तोंडघशी पाडलं होतं, आणि ते उत्तर त्यांच्यापुढे ठेवायची मला आणखी लाज वाटली. मी डबा घेतला. त्यांनी पुतणीला हाक मारून गिटार पिशवीत घालायला सांगितली, आणि ती पोर वायर नीट गुंडाळून, ती माझ्या खांद्याला लावून गेली.

आता गिटार पलंगावर उघडी पडलेली असते. हे कधी कधी ऐकतात, मोलकरीण तिच्यावरची धूळ झटकते, शेजारीण आली तरी मी ती उचलत नाही. फक्त जाऊबाई येणार असा फोन आला की मी उठते, तिला चादरीत गुंडाळते आणि पलंगाखाली परत आलेल्या ट्रंकेत ठेवते.