जुन्या चुलीचा निखारा

धाकटा दीर खाणीच्या ट्रकवर जायला लागला आणि आमच्या घरातली जेवायची रीत मोडली. तोवर आम्ही सारे एका चुलीवरचे. पुरुष तलावावरून मासळी घेऊन येत, आधी ते जेवत, मग पोरं, मग सासू, शेवटी आम्ही दोघी जावा. दीर मात्र अवेळी यायचा आणि धाकटी जाऊ त्याच्यासोबतच ताटाला बसायची. तिचे दिवस भरत आले होते, भूक सोसत नव्हती. सासूने ते पाहिलं.

"नवऱ्याच्या ताटात जेवते. लाज चामोर्शीच्या बाजारात इकली काय?"

"भूक पोटातल्याले लागते, माय. मले नाई," धाकटी हसली. सासू हसली नाही.

मग वेगळं निघायचं ठरलं. गावात तेव्हा घरोघरी हेच सुरू होतं. मागच्या पडवीत काड्या-मातीचा कूड उभा राहिला, धाकटीने चूल घातली. पण आमच्यात नवी चूल पेटते ती जुन्या चुलीच्या निखाऱ्यावर, आणि तो सासूने स्वतः द्यायचा असतो. दिला तर वेगळं जेवूनही माणसं एक राहतात. नाही दिला, तर जन्माला-मरणालाही जाणं-येणं नाही.

दुसऱ्या सकाळी दीर ट्रकवरून उपाशी आला. धाकटीने वाट पाहिली नाही, आगपेटीची काडी ओढली. कुडातून धूर निघाला तशी सासूने हातातली मासळी खाली ठेवली.

"तोडलं तिनं," ती सासऱ्यांना म्हणाली. "आता तिच्या बाळंतपणाले मी जाणार नाई."

गावात सुईण तीच होती. माझी पोरं तिच्याच हातावर झाली. आभाळ भरलेलं होतं, नाला चढला की दवाखान्याची वाट बंद. आणि धाकटीचं पहिलंच.

मी मागे गेले.

"विझव ते."

"काऊन, बाई? भात अर्धा शिजला."

मी भांडं उतरवलं आणि चुलीत पाणी ओतलं. राख उडाली. दीर उठून उभा राहिला. "वहिनी, येड लागलं काय तुले?"

मी घरात परत येऊन खापर घेतलं आणि चिमट्याने जुन्या चुलीतला निखारा त्यात ठेवला.

"कुठी नेऊन राह्यली?" सासूने विचारलं.

सासरे ओसरीत बसले होते. त्यांच्या देखत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढे ओढला.

"तुमच्या हातानं द्या, माय. तिची चूल मी विझवून आली. ते अजून पेटलीच नाई."

सासरे खाकरले. माझ्या हातातल्या निखाऱ्यावर राख धरायला लागली होती. मी फुंकर घातली नाही. तो काळा पडला असता तर मी दुसरा उचलला नसता.

सासूने हात धुतले. बराच वेळ धुतले.

"आण इकडे. एवढ्याशानं ओली चूल पेटते होय?"

तिने आणखी दोन मोठे निखारे घातले. कुडाच्या आत मात्र गेली नाही, खापर उंबऱ्यावर ठेवलं. "उचल म्हणाव तिले."

धाकटी पोट सावरत वाकली. सासू तिच्या पोटाकडेच पाहत होती.

"वाकू नको अशी. बसून घे," ती म्हणाली. "पोट खाली उतरलं तुझं. आज-उद्याचंच आता."

मी वाळक्या काड्या आणायला वळले.