मामांच्या दातावरचा ब्रॅकेट

माझ्या दारव्ह्याच्या मामांइतका लाज आणणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. चप्पल घ्यायची तर पाच दुकानांतली एकेक घालून रस्त्यावर फेरी मारणार, टरबूज घ्यायचं तर फोड आधी गाडीवाल्यालाच खायला लावणार. अशा माणसाच्या कानावर आईनं माझ्या दातांना तारा बसवायची गोष्ट कशाला घालावी! माझे पुढचे दात वेडेवाकडे. तिशीला टेकलेय, कॉलेजात शिकवते, आणि वर्गात कुणी हसलं की माझ्या दातांनाच हसलं असं वाटून जीव अर्धा होतो. मला सगळं गुपचूप उरकायचं होतं. मामा दुसऱ्याच दिवशी यवतमाळला हजर!

दवाखान्यातले एक डॉक्टर म्हणाले, तार अडकवायचा चिमुकला तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, एकेक करून हातानं दातावर चिकटवू. दुसरे म्हणाले, आधी दातांचा साचा घेऊ, त्यावर सगळे ब्रॅकेट मांडू आणि ट्रेमधून एकदमच तोंडात बसवू. चिकटवण्याआधी दात जेलनं जरा खरखरीत करतात हे ऐकून मामा खूश. "म्हंजे पंक्चरवाला ट्यूब घासते तसंच की! पण टिकन कोणतं?" दोन्ही टिकतात, हे उत्तर मामांना कसं चालावं? "मंग आधी माह्या दाताले लावून द्या. पोरीले कायले तरास?" दवाखाना हसत होता आणि मी ओढणीत तोंड खुपसून बसले होते. शेवटी दोन्ही डॉक्टरांनी, कंटाळून का होईना, मामांच्या एकेका दातावर एकेक ब्रॅकेट लावून दिला. मग ऊस झाला, फुटाणे झाले, मामींची कडक भाकर झाली. हातानं लावलेला फुटाण्यांत निघाला आणि मामांनी तो गिळला. "फुटाणे खायचेच नसतात हो," डॉक्टर कळवळून म्हणाले, पण मामांच्या लेखी निकाल लागला होता. माझे ब्रॅकेट ट्रेमधूनच बसले.

आता तरी त्यांनी आपला उरलेला ब्रॅकेट काढावा की नाही? छे! यवतमाळात काही काम निघालं की स्वारी आमच्या स्टाफरूममध्ये, आणि नमस्कार झाला की लगेच तोंड उघडून, "हा पाहा, ऊस खाऊन राह्यलो तरी हालत नाई!" एकदा तर प्राचार्य मुद्दाम चष्मा लावून बघायला आले. सगळे पोट धरून हसले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्या रविवारी तडक दारव्ह्याला गेले. मामा शेतात होते. मामींनाच म्हटलं, "त्यांना सांगा ना, कॉलेजात नका येऊ. लोक हसतात."

"माहीत हाय त्याइले," मामी तूर निवडत म्हणाल्या. "म्हणते, मले हसू दे. तेवढ्या वेळ पोरीच्या तोंडाकडं तं कोणी पाहत नाई."

मी चहासुद्धा न घेता परतले. खरंच की, इतक्या महिन्यांत स्टाफरूममध्ये माझ्या तारांबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. बसमध्ये मला माझीच अशी लाज वाटली की खिडकीबाहेरची नजर आत वळवेना.

गेल्या महिन्यात माझ्या तारा निघाल्या. त्याच आठवड्यात मामांनीही आपला ब्रॅकेट काढवून घेतला. मी फोन केला, "मामा, कॉलेजात या ना एकदा."

"आता कायले येऊ, माय?" मामा म्हणाले. "आता पाह्यासारखं तुह्याच तोंडात हाय."

इतक्या वेळा ते आपण होऊन आले, आणि मी 'या' म्हटलं ते तारा निघाल्यावर.