रेश्माच्या हातचा चहा

"चहा घेणार की! पण पोरीच्या हातचा."

दारात चप्पल काढता काढताच बाई हे सांगून टाकायच्या. अपंग माणसांच्या घरी जाऊन त्यांना आपापली कामं शिकवायची, ही त्यांची नोकरी. कोल्हापुराहून स्कूटीवर आमच्या वाडीत यायच्या. आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी बोलल्या तर गोठ्यातली म्हैस कान टवकारायची.

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं आलेलं माणूस चहाविना परत गेलं तर शेजारीपाजारी काय म्हणतील? बाईंनी आम्हाला नेमकं तिथंच पकडलं होतं.

माझी रेश्मा जन्मापासून अशी. हात थरथरतात, बोलायला वेळ लागतो, चालते ती भिंतीला धरून. सतरा वर्षांची झाली तरी पाणीसुद्धा मीच तिच्या तोंडाला लावायची. पहिल्या दिवशी मी चहा करून बाईंच्या पुढ्यात ठेवला. त्या तासभर बोलत बसल्या, चहावर साय धरली, पण कपाला हात लावला नाही. पुढच्या खेपेलाही तेच. मी भडकलेच.

"तिला भाजलं तर तुम्ही येणार हाय काय निस्तरायला?"

"येणार की! पर वैनी, तुमच्या माघारी हिला चहा कोण देणार, तेवढं सांगा."

असा राग आला म्हणता! पोर झाल्यापासून तोच घोर मला खात होता, आणि ही बाई तो माझ्याच सोप्यात बसून मोठ्यानं बोलत होती.

मग शिकवणी सुरू झाली. आधी रिकामा कप, मग पाणी, मग गार चहा. बाईंनी दोन कानांचा स्टीलचा पेला शोधून आणला. गरम चहा घेऊन, भिंतीला खांदा टेकवत रेश्मा पहिल्यांदा बाहेर आली, तेव्हा निम्मा तिच्या गाऊनवर आणि फरशीवर. मी उठणार, तोच बाईंनी माझा पदर ओढला.

"बसा गप! सांडू दे की. निम्मा आला न्हवं?"

आणि तो निम्मा चहा असा फुर्र फुर्र करत प्यायल्या, की रेश्मा खदखदून हसली. त्यात साखरच नव्हती, हे मला नंतर कळलं.

गेल्या वर्षी बाईंना लकवा झाला. उजवा हात गेला. आम्ही मायलेकी भेटायला गेलो, तर सून त्यांना चमच्यानं चहा पाजत होती आणि बाई गुमान पीत होत्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

रेश्मानं पिशवीतून आपला पेला काढला. मला न सांगता घेऊन आली होती. त्यात चहा ओतून तिनं तो बाईंच्या डाव्या हातात दिला. सून सावरायला धावली, तर रेश्मानं तिचा पदर धरला.

"ब... बसा गप," ती म्हणाली.

चहा हनुवटीवर, गळ्यावर ओघळला. उरलेला बाई प्यायल्या. वाकड्या तोंडानं हसून पुटपुटल्या, "निम्मा... आला की."

पेला आम्ही तिथंच ठेवून आलो.

या दिवाळीनंतर बाई गेल्या. परवा त्यांची सून पेला परत द्यायला आली होती. सांगत होती, शेवटपर्यंत चहा त्यांनी आपल्याच हातानं घेतला. बोलता बोलता तिला हुंदका आला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिले. चहा करायला रेश्मा आत गेली.